आयरिश लोकच आयरिश बोलत नाहीत, मग मी का शिकतेय?

पत्र थोडक्यात असं: एकोणतीस वर्षांची मुलगी, मूळ साताऱ्याची, पुण्यात आयटीत नोकरी. कॉलेजात हॉस्टेलवर कुणाच्या तरी लॅपटॉपवर आयरिश गाणं ऐकलं आणि तेव्हापासून 'केल्टिक' म्हणून जे मिळेल ते ऐकत, वाचत, बघत आलीय. दंतकथांची पुस्तकं, कडे आणि धुकं असलेले सिनेमे, हार्पच्या प्लेलिस्ट, सगळं. फोनवरच्या अ‍ॅपवर आयरिश शिकतेय, आणि स्ट्रीक तुटू नये म्हणून मावसबहिणीच्या लग्नाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात बसून धडा केलाय. लहानपणी बासरी शिकली, मध्यमापर्यंत परीक्षा दिल्यात. मागच्या वर्षी आतेभावाकडे डब्लिनला गेली तर आयरिश बोलणारं कुणीच भेटलं नाही. आतेभावाच्या ऑफिसातल्या एका आयरिश माणसाला तिनं एक वाक्य म्हणून दाखवलं, तो हसला, म्हणाला आम्हाला शाळेत मारूनमुटकून शिकवलं, तू कशाला स्वतःहून? परत आल्यावर इन्स्टावर कुणीतरी लिहिलं की दुसऱ्यांची संस्कृती मिरवणं बंद कर. आणि बाबा जेवताना म्हणाले, आधी ज्ञानेश्वरी तरी धड वाच. तिचे प्रश्न: हे प्रेम खरं की नुसती पळवाट? सोडून देऊ का? की उलट डब्लिनला ट्रान्सफरच मागू? केल्टिक लोक निसर्गाला मानणारे, बायकांना बरोबरीनं वागवणारे होते म्हणून ते मला जवळचे वाटतात, यात चूक काय? आणि हातावर ओगम या जुन्या आयरिश लिपीत टॅटू काढायचाय, तो काढू की नको?

अगं, तीन माणसांनी तुला तीन अगदी वेगळ्या गोष्टी सांगितल्यात आणि तू त्यांचं एकच गाठोडं करून डोक्यावर घेतलंयस. आधी ते सोडूया.

तो जो हसला ना, तो तुला हसला असं मला नाही वाटत. आयर्लंड १९२२ ला स्वतंत्र झालं तेव्हा सरकारने ठरवलं की मरायला टेकलेली भाषा शाळेतून परत आणायची, आयरिश सक्तीचं झालं, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी पेग सेयर्स नावाच्या एका बेटावरच्या म्हातारीचं दुःखाने भरलेलं आत्मचरित्र परीक्षेसाठी घोकलं. एका ठरावीक वयापुढच्या आयरिश माणसासमोर तिचं नाव काढ आणि चेहरा बघ. २०२२ च्या जनगणनेत १८ लाख ७३ हजार लोकांनी 'मला आयरिश येतं' असं लिहून दिलं, म्हणजे दर दहातले चार. आणि शाळा-कॉलेजच्या बाहेर रोज बोलणारे किती, तर ७२ हजारांच्याही आत. या दोन आकड्यांच्या मधे जी दरी आहे तिच्यात त्या देशाची बरीच लाज, राग आणि 'आपल्याला यायला हवं होतं' अशी रुखरुख भरलेली आहे, आणि त्याच्या मागे अजून जुनं दुखणं. एकोणिसाव्या शतकात शाळेत पोरांच्या गळ्यात काठी बांधायचे, आयरिश शब्द तोंडातून निघाला की काठीवर एक खाच, आणि खाचांच्या हिशोबाने मार. १८४५ नंतरच्या दुष्काळात दहाएक लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली, आणि सगळ्यात जास्त झळ बसली ती पश्चिमेकडच्या गरीब, आयरिश बोलणाऱ्या भागाला. मग आईबापांनीच ठरवलं की पोराला अमेरिकेत पोट भरायचंय तर इंग्रजीच पाहिजे. अशा घरात वाढलेल्या माणसासमोर साताऱ्याची एक मुलगी येते आणि हौसेने तीच भाषा बोलते, त्याने करायचं काय? गोंधळला बिचारा. हसला.

आणि डब्लिनला आयरिश शोधायला गेलीस हे जरा चुकलंच. ती भाषा अजून घरात बोलतात ते भाग बहुतेक पश्चिम किनाऱ्याला आहेत, डोनेगल, कॉनेमारा, केरीतलं डिंगल द्वीपकल्प वगैरे, त्यांना गेलताख्त म्हणतात. तिथंही सगळं सोनेरी नाहीये हं, घरं सुट्टीवाले विकत घेतात, तरुण पोरांना राहायला जागा मिळत नाही, आणि पोरं आपापसात इंग्रजीत बोलतात. पण दुकानात, चर्चमध्ये, फुटबॉलच्या मैदानावर आयरिश कानावर पडतं.

आता तुझं ते 'केल्टिक'. यावर मला तुझ्याशी थोडं भांडायचंय.

तू पत्रभर 'केल्टिक लोक' असं लिहिलंयस जणू ते एक गाव आहे आणि तिथली माणसं एका स्वभावाची आहेत. ग्रीक आणि रोमन लेखकांनी ज्यांना केल्ट म्हटलं ते युरोपच्या मुख्य भूमीवरचे लोक, ब्रिटन-आयर्लंडच्या लोकांना त्यांच्यापैकी कुणी केल्ट म्हणालेलं नाही. आयरिश आणि वेल्श माणसं शतकानुशतकं स्वतःला केल्ट न म्हणताच जगली, लढली, गायली. १७०७ साली एडवर्ड लॉइड नावाच्या वेल्श अभ्यासकाने दाखवून दिलं की आयरिश, वेल्श, ब्रेटन, कॉर्निश या भाषा एकाच घराण्यातल्या आहेत, आणि त्या घराण्याला केल्टिक म्हणायची पद्धत तिथून रुळली. म्हणजे मुळात हे भाषांचं नातं, आणि ते पक्कं आहे. पण मग लोकांनी त्या नात्यावर हवं ते लटकवायला सुरुवात केली. १७६० च्या दशकात जेम्स मॅकफर्सन नावाच्या स्कॉटिश माणसाने प्राचीन गेलिक महाकाव्य सापडलं म्हणून जाहीर केलं, युरोप वेडा झाला, नेपोलियनसुद्धा ते वाचायचा, आणि त्यातलं बरंचसं मॅकफर्सननेच रचलेलं होतं. तू ज्या धुक्याच्या प्रेमात पडलीस ना, त्या धुक्याचं बरंचसं दुकान इथून सुरू झालं. १७९२ मध्ये योलो मॉर्गानुग नावाच्या वेल्श गवंड्याने, अफूच्या औषधाची सवय असलेल्या, अतिशय हुशार अशा माणसाने, चक्क लंडनच्या एका टेकडीवर ड्रुइडांचा, म्हणजे जुन्या केल्टिक पुरोहितांचा, 'प्राचीन' विधी केला, जो त्याने स्वतःच्या डोक्यातून काढला होता.

यावर तू म्हणशील, म्हणजे सगळंच खोटं. थांब जरा. योलोचा तो विधी पुढे वेल्सच्या आइस्तेद्वोद या साहित्य-संगीत मेळाव्यात शिरला आणि आजही होतो, सर्वोत्तम कवीला खुर्ची दिली जाते, तुतारी वाजते, कवीचं टोपणनाव पुकारतात आणि तो प्रेक्षकांतून उठून उभा राहतो. १९१७ च्या सप्टेंबरात पुकारा झाला आणि कुणी उठलंच नाही. कवी होता हेद विन, शेतकऱ्याचा मुलगा, मेंढ्या राखणारा, आणि तो ३१ जुलैला बेल्जियमच्या रणांगणात मेला होता. खुर्चीवर काळं कापड घातलं गेलं. विधी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने बनवलेला होता, पण मांडवात रडणारी माणसं काय बनावट होती? त्यामुळे 'हे अस्सल प्राचीन आहे का' हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. हे कुणाचं आहे, कोण जपतंय, कुठल्या भाषेत, कुठल्या गावात, हे विचारत जा.

निसर्गपूजक आणि बायकांना समान मानणारे, हे मात्र मी सोडणार नाही. आयरिश महाकाव्यात राणी मेव्ह आहे, नवऱ्याशी अंथरुणात पडल्या पडल्या कुणाची संपत्ती जास्त यावर वाद घालते, एका बैलाने हिशोब तिच्या विरुद्ध जातो म्हणून दुसरा तोलामोलाचा बैल मिळवायला फौज घेऊन निघते, फार भारी बाई आहे. (गायी-बैलांसाठी युद्ध म्हटलं की आपल्याला विराटपर्वातलं गोग्रहण आठवतंच, पण त्यावरून लगेच 'ते आणि आपण एकच' असले व्हिडिओ फॉरवर्ड करू नकोस. जुन्या आयरिश कायद्यात देणेकऱ्याच्या दारात उपास करून बसायची रीत होती आणि आपल्याकडे धरणं धरायची, यावर अभ्यासकांनी गंभीरपणे लिहिलंय, ते वाच.) तर मेव्ह आहे, पण त्याच आयर्लंडमध्ये संपत्ती मोजायचं एक एकक होतं दासी. म्हणजे अमक्याचा दंड इतक्या दासींइतका, असा. सेंट पॅट्रिक स्वतः गुलाम म्हणून पळवून नेलेला मुलगा होता. तिथले जुने लोक बाकीच्या जुन्या लोकांइतकेच चांगले-वाईट होते, आणि आपल्या ऑफिसातल्या, घरातल्या कटकटींवर उतारा म्हणून त्यांना वापरलं की ते आपल्याला दिसेनासे होतात. पळवाट आहे का असं तू विचारलंस ना, तर एवढा भाग मला पळवाट वाटतो. बाकीचा नाही वाटत.

कारण बाकीचा भाग संगीताचा आहे, आणि तिथं तुझ्याकडे असं काहीतरी आहे जे बऱ्याच चाहत्यांकडे नसतं, मध्यमापर्यंतची बासरी. पत्रात एका ओळीत उरकलंयस ते.

आधी तुझ्या प्लेलिस्टबद्दल. लांबलचक घुमणारा सिंथेसायझर, मागे लाटा, वर एक हार्प, यातलं पुष्कळसं स्पा-मध्ये लावायचं संगीत आहे, ऐकायला हरकत नाही पण त्यावरून काही ठरवू नकोस. गंमत म्हणजे तो घुमणारा आवाजही पूर्ण बाहेरच्यांचा नाही. १९८२ मध्ये क्लॅनाड या बँडचं, उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचारावरच्या टीव्ही मालिकेसाठी केलेलं, आयरिश ओळींचं गाणं ब्रिटिश चार्टवर पाचव्या नंबरपर्यंत गेलं, आणि हे घराणं डोनेगलमधल्या आयरिश बोलणाऱ्या ग्वीडोरचं. गायिका एन्या याच घरातली. तर धुकं थोडं घरचंही आहे. पण आता त्यापुढे जा.

टिन व्हिसल, म्हणजे त्यांची पत्र्याची छोटी बासरी घे, डी स्केलमधली. फार महाग नसते. सहा भोकं, म्हणजे बोटं तुझी तयारच आहेत, आणि फुंकर साधायची भानगड नाही, तोंड शिटीसारखं असतं. अडचण दुसरीकडे येईल. तुझ्या बोटांना मींडेची सवय असणार आणि रीलच्या, म्हणजे तिथल्या वेगवान नाचधुनेच्या, वेगात मींडेला वेळच नसतो, तिथं सगळं काम बोटाच्या टिचकीचं, कट आणि रोल म्हणतात त्यांना. धून दोन भागांची असते, प्रत्येक भाग आठ मात्रांचा नव्हे हं, आठ बारचा (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड), आणि प्रत्येक भाग दोनदा. दुसरा भाग बऱ्याचदा वरच्या सप्तकाकडे जातो, तुला अस्थायी-अंतरा आठवेल आणि आठवू दे, पाठ करायला सोपं जातं. जिग सहाच्या अंगाने, रील चारच्या, आणि स्लिप जिग नऊच्या. नोटेशन बघून शिकू नकोस. कानाने शीक, तुला गुरूसमोर बसून तसंच शिकवलं असेल. तिथले लोकही नोटेशनवाल्याला जरा वेगळ्या नजरेने बघतात. आणि कधी पबमधल्या सेशनला, म्हणजे सगळे जमून वाजवतात त्या बैठकीला, गेलीस तर आधी नुसतं ऐक, कोण धून सुरू करतंय बघ, विचारून बस, आणि येत नसलेल्या धुनेवर अंदाजाने वाजवू नकोस. बौरान हे त्यांचं डफासारखं वाद्य हौसेने घेऊन जाणाऱ्यांवर तिथं इतके जोक आहेत की विचारू नकोस.

इथंही शुद्धतेचं भूत डोक्यात घेऊ नकोस. आज आयरिश संगीतात बुझुकी हे तंतुवाद्य सर्रास वाजतं, ते १९६० च्या दशकात ग्रीसमधून आलं. बँजो अमेरिकेतून. आणि धुनांचा जो मोठा संग्रह वादक अजून चाळतात, १८५० धुनांचा, तो १९०३ मध्ये छापला फ्रान्सिस ओनील या माणसाने, जो शिकागोचा पोलीसप्रमुख होता, कॉर्कहून गेलेला, आणि धुना त्याने गोळा केल्या शिकागोत आलेल्या आयरिश लोकांकडून. अर्धं संगीत गाव सोडलेल्यांनी जपलंय.

आणि आता तुझ्या 'आयरिश का शिकतेय' या प्रश्नाचं मला सुचलेलं सगळ्यात सरळ उत्तर. शान नोस म्हणून जुन्या पद्धतीचं गाणं असतं, साथ नाही, तबला-बिबला सोड, साधा सूर धरायलाही काही नाही, एकटा आवाज. कॉनेमाराकडचे गायक भरपूर हरकती घेतात, डोनेगलकडचे साधं गातात. कधीकधी शेजारी बसलेला माणूस गायकाचा हात हातात घेऊन हळूहळू गोल फिरवत राहतो, आणि ऐकणारे मधेच दाद देतात, आपल्या मैफलीसारखी, गाणं संपायची वाट बघत नाहीत. आता व्हिसलवर किंवा इलन पाइप्स या आयरिश बॅगपाइपवर ज्या संथ धुना वाजवतात त्यातल्या कितीतरी मुळात हीच गाणी. चांगले वादक सांगतात की आधी गाणं शीक, शब्द माहीत नसतील तर श्वास कुठं घ्यायचा आणि कुठला सूर लांबवायचा हे कळणारच नाही. हे कारण पुरेसं नाही का गं? हे कारण कुणाला हसण्यासारखं नाही, आणि कुणाची परवानगी लागण्यासारखंही नाही.

पण मग शिकायची पद्धत बदल. स्ट्रीकचं अ‍ॅप ठेव हवं तर, पण उच्चार त्यावरून शिकू नकोस. आयरिशच्या तीन मोठ्या बोली आहेत, अल्स्टर, कॉनाक्ट, मन्स्टर, आणि नवशिक्यांची अर्धी गोची तिन्हीची भेळ झाल्याने होते. ज्या गायकाचं गाणं आवडतं त्याची बोली धर. तँगलन नावाची मोफत ऑनलाइन डिक्शनरी आहे, तिच्यात एकच शब्द तिन्ही बोलींत ऐकता येतो. रेडिओ ना गेलताख्ता १९७२ पासून चालू आहे, नेटवर जगात कुठूनही लागतो, ऑफिसला जाताना लाव, पहिले कित्येक आठवडे काही कळणार नाही, लागू दे. आणि डिक्शनरीत शब्द सापडत नाही म्हणून रडकुंडीला येऊ नकोस, आपल्याकडे विभक्ती लागताना शब्दाचं शेपूट बदलतं, तिकडे तोंड बदलतं. बाकी क्रियापद वाक्यात सगळ्यात आधी येतं, त्याची सवय मात्र खरंच वेळ खाते.

एक वेगळाही पर्याय बघ. तुला जर जिवंत, रस्त्यावर रोज चालणारी भाषा हवी असेल, गाणं दुय्यम असेल, तर वेल्श. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये ५ लाख ३८ हजार लोकांना येत होती आणि वायव्येकडे ग्विनेथ भागात तर निम्म्याहून जास्त लोकांना. त्यांचं टीव्ही चॅनल १९८२ मध्ये सुरू झालं, तेसुद्धा एका पुढाऱ्याने प्राणांतिक उपोषणाची धमकी दिल्यावर. आणि तुला जर नुसती हिंमत हवी असेल तर ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटाची गोष्ट वाच. तिथल्या मँक्स भाषेचा शेवटचा जन्मजात बोलणारा म्हातारा १९७४ मध्ये गेला. २००९ मध्ये युनेस्कोने ती भाषा नामशेष म्हणून यादीत टाकली, तेव्हा तिथल्या मँक्स माध्यमाच्या प्राथमिक शाळेतल्या पोरांनी युनेस्कोला मँक्समध्ये पत्रं लिहिली की आमची भाषा मेलीय तर आम्ही हे कुठल्या भाषेत लिहितोय? युनेस्कोने यादी बदलली.

सिनेमांचं पटकन सांगते. कोण बनवतंय ते बघ. १९३४ मध्ये ॲरन बेटांवर एक गाजलेला 'माहितीपट' झाला, त्यात बेटवाले हार्पूनने मोठ्ठे शार्क मारतात, आणि ती शिकार तिथं कधीच बंद पडली होती, दिग्दर्शकाने लोकांना मुद्दाम शिकवून करवून घेतली. त्याच्या शेजारी 'अन कालीन क्यून' ठेव, २०२२ मध्ये आलेला, बराचसा आयरिशमध्ये, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेला, आणि त्यात एकही जादू नाही, एक गप्प मुलगी, एक शेत, एक स्वयंपाकघर. आणि मग बेलफास्टच्या रॅपर पोरांचा 'नीकॅप' बघ, शिव्या, ड्रग्ज, पोलीस, बरंचसं आयरिशमध्ये. बाबांबरोबर बघू नकोस. पुस्तकांत, आता दंतकथा जरा बाजूला ठेवून मार्टीन ओ काइनची १९४९ ची कादंबरी घे, 'क्रे ना किल्या', सगळी पात्रं मेलेली, कबरीत पडल्या पडल्या एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात, कुणाची कबर महागड्या जागेत आहे यावर भांडतात. इंग्रजी भाषांतर व्हायला २०१५ उजाडलं. धुकं नाही, पण इतक्या खडूस म्हाताऱ्या तुला दुसरीकडे क्वचित भेटतील.

राहिली ती इन्स्टावरची कमेंट. तिच्यात तथ्य अजिबात नाही असं नाही, ज्या भाषेसाठी लोकांनी मार खाल्लाय तिचं नुसतं सजावटीचं सामान झालं की चीड येणारच. पण शिकणं आणि मिरवणं वेगळं. केल्टिक भाषांचं पहिलं पक्कं व्याकरण १८५३ मध्ये एका बव्हेरियन माणसाने, झॉइसने लिहिलं. १९०७ मध्ये मार्स्ट्रांडर नावाचा नॉर्वेजियन केरीजवळच्या ब्लास्केट बेटावर आयरिश शिकायला गेला, बेटवाल्यांनी त्याला व्हायकिंग म्हणून चिडवलं आणि शिकवलं. त्याला शिकवणाऱ्या कोळ्याने, तोमास ओ क्रिहिनने, पुढे १९२९ मध्ये स्वतःचं आत्मचरित्र छापलं जे आज आयरिश साहित्यात मानाचं आहे. १९५३ मध्ये ते बेटच रिकामं झालं. बाहेरून आलेली माणसं चालली, कारण ती बसली, शिकली. आणि रक्ताचाच हिशोब काढायचा तर मालवणजवळच्या वराड गावचं मूळ असलेला लिओ वराडकर दोनदा आयर्लंडचा पंतप्रधान होऊन गेलाय.

बाबांचं वेगळं आहे. त्यांना ज्ञानेश्वरीची काळजी आहे का तू लांब जातेयस याची, हे तूच ओळख. पण त्यांना एक गोष्ट जरूर सांग. वऱ्हाडातल्या बडनेऱ्याचे पुरोहित स्वामी १९३० च्या दशकात लंडनला गेले आणि आयरिश कवी येट्सचे दोस्त झाले. भगवान श्रीहंस यांच्या कैलास-मानसच्या यात्रेचं मराठी पुस्तक स्वामींनी इंग्रजीत आणलं, १९३४ मध्ये लंडनला छापलं गेलं, प्रस्तावना येट्सची. मग दोघांनी मिळून दहा उपनिषदांचं भाषांतर केलं, १९३७. म्हणजे आयर्लंडचा सगळ्यात मोठा कवी एका मराठी माणसाकडून उपनिषदं समजून घेत होता. आणि हे तुझ्यासाठी: येट्स भारतात कधी आलाच नाही, संस्कृत त्याला येत नव्हतं, आयरिशसुद्धा त्याला धड कधी आलं नाही. त्याच्या डोक्यात आपला देश म्हणजे डोंगर, गुहा आणि साधू. तू आयर्लंडकडे जसं बघतेस ना, तसंच तो आपल्याकडे बघत होता. आपल्याला ते वाचताना थोडं हसू येतं, थोडं बरंही वाटतं. पण तो पुढे गेला कारण शेजारी बसायला एक खरा माणूस होता, ओळ न्‌ ओळ समजावून सांगणारा.

म्हणून म्हणते, तुला असा माणूस शोधायला हवा. डब्लिनची ट्रान्सफर त्यासाठी मागू नकोस, तिथं ऑफिस इंग्रजीत, घरभाडं अंगावर येणारं, आणि आयरिश इथल्याइतकंच लांब. नोकरीसाठी जायचं असेल तर नोकरीच्या कारणांनी जा. त्याऐवजी पुढच्या उन्हाळ्यात रजा काढून डोनेगलमधल्या ग्लेनकोलमकिलला जा, मोठ्या माणसांसाठी १९८४ पासून तिथं भाषेचे कोर्स चालतात, जगभरातून लोक येतात, संध्याकाळी गाणंबजावणं असतं, आतेभावाचं घर जाता-येता मुक्कामाला आहेच. तोवर ऑनलाइन एखादी शिकवणी लाव, आठवड्यातून एकदा का होईना, समोर माणूस असलेली. आयटीत राहून हे कसं जमणार असं वाटलं तर व्हिटली स्टोक्स आठव, डब्लिनचा वकील, १८६२ ते १८८२ हिंदुस्थानात, व्हाइसरॉयच्या कौन्सिलवर कायदा सदस्य, आणि नोकरी सांभाळून जुन्या आयरिश हस्तलिखितांच्या आवृत्त्या काढत होता, त्यातल्या काही कलकत्त्यात छापल्या.

घरबसल्या करण्यासारखं अजून एक. १९३७-३९ मध्ये आयर्लंडच्या प्राथमिक शाळांतल्या पोरांनी आपापल्या गावातल्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी, औषधं, शकुन-अपशकुन, भुतं, सगळं वह्यांमध्ये लिहून काढलं, सुमारे ७ लाख ४० हजार पानं, आणि ती 'दूखस' या साइटवर फुकट आहेत. पुष्कळ पानं इंग्रजीत आहेत. तू विकत घेतलेल्या दंतकथांच्या चकचकीत पुस्तकांपेक्षा ही वाच, आणि आवडलेल्या एखाद्या गोष्टीचं मराठी करून बाबांना वाचून दाखव.

आता टॅटू. तीन फिरक्यांची ती खूण काढणार असशील तर एवढं माहीत असू दे की ती न्यूग्रेंजच्या थडग्यावरची आहे, इ.स.पूर्व ३२०० च्या सुमाराची, म्हणजे आयर्लंडमध्ये केल्टिक भाषा पोचायच्याही पुष्कळ आधीची. ओगमचे साधारण ४०० दगड शिल्लक आहेत, बहुतेक चौथ्या ते सातव्या शतकातले, आणि त्यांवर मंत्रबिंत्र नाहीत, नावं आहेत, अमक्याचा मुलगा तमका. झाडांची जादूची लिपी वगैरे नंतरची भर. म्हणून ओगममध्ये इंग्रजी सुविचार लिहून घेऊ नकोस, स्वतःचं नाव काढ, आजीचं काढ, ते त्या लिपीला शोभेल. भाषा येणाऱ्या माणसाकडून आधी तपासून घे, आणि पुण्यातल्या टॅटूवाल्याला निघताना सांग की उभी ओळ खालून वर वाचतात, नाहीतर जन्मभर उलटं नाव घेऊन फिरशील.